गुणतक्ता शरीराला काय शिकवतो
(सूर्यमाळ येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



खोडाळ्याकडून पहाटे इकडे वर येताना रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं-मुली दिसतात. कुणाच्या हातात मोबाइलचं घड्याळ असतं, कुणाच्या पायात कापडी बूट, कुणी अनवाणी. बहुतेकांना पोलीस व्हायचंय, काहींना फौजेत जायचंय, थोड्यांना वनखात्यात. त्यातली बरीच मंडळी आज इथे पुढच्या रांगेत बसली आहेत, म्हणून विषयही तुमचाच घेतला. मैदानी चाचणीचे गुण देणारा तक्ता तुमच्या शरीराला नेमकं काय शिकवतो, याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी तक्ता समोर ठेवू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी आता 50 गुणांची आहे. मुलांसाठी 1600 मीटर धावणं 20 गुण, 100 मीटर 15 गुण, गोळाफेक 15 गुण. मुलींसाठी 1600 च्या जागी 800 मीटर, बाकी वाटणी तीच. मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवलं की पैकीच्या पैकी, मुलींनी 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत. 100 मीटरला मुलांसाठी 11.50 सेकंद, मुलींसाठी 14. गोळा मुलांचा 7.260 किलोचा आणि साडेआठ मीटरला पूर्ण गुण. मुलींचा 4 किलोचा आणि सहा मीटरला पूर्ण गुण. पन्नासातले निदान पंचवीस मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार. हे आकडे तुम्हाला झोपेतही पाठ आहेत.

पण काही वर्षांपूर्वी ही चाचणी 100 गुणांची होती आणि तीत लांब उडी होती, मुलांना पुलअप्सही होते. ते दोन्ही प्रकार गेले. त्यानंतर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या शरीरात काय बदललं? खांदे, पाठ, मनगटाची पकड, सगळं मागे पडलं. वाळूच्या खड्ड्यात गवत उगवलं. दांडीला लोंबकळतात ती आता फक्त फौजेच्या तयारीची मुलं. एकाच पाड्यावरचे दोन चुलतभाऊ, एक पोलिसाची तयारी करतो, दुसरा अग्निवीरची. शर्ट काढून दोघांना शेजारी उभं केलं तर कोण कुठला ते मी न विचारता सांगेन. दोघांचं खाणं सारखंच आहे: नागलीची भाकरी, उडदाचं वरण, कधी सुकट. फरक केला तो तक्त्याने.

फौजेच्या पुलअप्सचा हिशेब बघण्यासारखा आहे. दहा काढले की 40 गुण, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. म्हणजे सहाव्यानंतरचा सातवा पाच गुणांचा, पण नवव्यानंतरचा दहावा सात गुणांचा. सगळ्यात महाग पुलअप शेवटचा, आणि तो येतो हात थरथरत असताना. मग मुलगा काय करतो? पाय झाडतो, कमरेतून झोका घेतो, हनुवटी दांडीवर गेल्यासारखी करून मान वर ताणतो आणि खाली येताना हात पूर्ण सरळ न करताच परत उचलतो. सरावात मोजणारा मित्र असतो. तो म्हणतो, 'दहा झाले.' प्रत्यक्षात सहा झालेले असतात. फौजेच्या भरती रॅलीत मोजणारा जवान असा पुलअप धरत नाही. तिथे मुलाला वाटतं आपल्यावर अन्याय झाला. अन्याय झाला तो आधीचे सहा महिने, आपल्याच माणसाच्या मोजणीमुळे.

झोका घेतला की वजन उचलण्याचं काम पाठीच्या मोठ्या स्नायूंकडून सुटतं आणि खालच्या टोकाला सगळा हिसका खांद्याच्या सांध्यावर बसतो. ज्याची पाठ आधीच तयार आहे त्याला तो सोसतो. क्रॉसफिट नावाच्या व्यायामप्रकारात झोक्याचे पुलअप्स नियमाने चालतात, कारण तिथे ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त आकडा काढायचा असतो. मोबाइलवर ते व्हिडिओ बघून आपली मुलं तसंच करतात. तिथला नियम वेगळा, म्हणून तिथलं तंत्र वेगळं. नियम बघितल्याशिवाय तंत्र उचलू नका, एवढंच माझं म्हणणं.

नियमाने व्यायामाचं रूप बदलणं हे जगभर घडलेलं आहे. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये 1972 च्या म्युनिकपर्यंत तीन प्रकार होते. त्यातला एक 'प्रेस': वजन खांद्यापर्यंत घ्यायचं आणि फक्त हातांच्या बळावर डोक्यावर न्यायचं. पाठ किती वाकली तर चालेल, हे पंचांनी डोळ्यांनी ठरवायचं. पंच ढिले पडले तसे खेळाडू मागे झुकत गेले. ताठ उभं राहून करायचा व्यायाम जवळजवळ उताणं पडून छातीने ढकलण्यासारखा झाला. कुणाला बाद करायचं यावर पंचांचं एकमत होईना, कमरेच्या मणक्यांची काळजी वाटू लागली, आणि 1972 नंतर तो प्रकारच काढून टाकला. आता स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच उरलेत. पॉवरलिफ्टिंगच्या बेंच प्रेसमध्येही तसंच झालं. कमान इतकी मोठी करायची की दांडी छातीला टेकायला जेमतेम वीतभर अंतर उरावं. शेवटी आंतरराष्ट्रीय संघटनेला 2023 पासून नियम करावा लागला की दांडी छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीइतकी तरी खाली आली पाहिजे. त्या एका वाक्याने जगभरच्या लिफ्टरांना आपली कमान आणि पकड पुन्हा तपासावी लागली.

आपला मल्लखांब घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला तो कुस्तीगीरांसाठी, मांडीची आणि हाताची पकड घट्ट व्हावी म्हणून. पुढे स्पर्धा आल्या, पंच आले, आसनं आणि उड्यांना अवघडपणाचे गुण आले. 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज मल्लखांबावरचा मुलगा पाहताना डोळ्याचं पारणं फिटतं, पण तो कुस्तीगीर नसतो. याचं मला दुःख नाही. मल्लखांब गुणांमुळे जगला आणि वाढला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फक्त तो दुसरा व्यायाम झाला, हे माहीत असावं.

आता आपल्या रस्त्यावर परत येऊ, कारण इथल्या तयारीतला सगळ्यात मोठा घोटाळा धावण्याच्या मोजणीत आहे. आपल्याकडे सपाट मैदान दुर्मीळ. मुलं रस्त्यावर धावतात, अंतर मोजतात मोटारसायकलच्या मीटरवर, आणि वेळ चांगली यावी म्हणून उताराच्या बाजूने धावतात. उतारावर पाऊल आपोआप लांब पडतं, टाच पुढे आपटते, दर पावलाला शरीर ब्रेक लावतं. महिनाभराने नडगी दुखायला लागते, मग गुडघा. मुलगा म्हणतो, 'सर, पाच-दहा येतंय.' ते पाच-दहा उताराचं असतं. त्याचं शरीर उतारावर धावायला शिकलेलं असतं आणि चाचणी सपाट मैदानावर असते.

त्यापेक्षा जिथून सुरुवात केली तिथेच परत या: 800 मीटर खाली, 800 मीटर वर. वेळ खराब दिसेल. दिसू द्या. चढावर पाऊल आखूड आणि झटपट पडतं, टाच आपटत नाही, मांड्या आणि पिंढऱ्या दोन्ही कामाला लागतात. ही डोंगराची देणगी आहे आणि ती आपण वेळेच्या हव्यासापायी उतारावर उधळतो.

मैदानावर गेल्यावर आणखी एक हिशेब. 400 मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमध्येच एक फेरी 400 मीटरची असते. लेनची रुंदी 1.22 मीटर, म्हणून दुसऱ्या लेनमधून एक फेरी मारली की साडेसात मीटरहून जास्त धावणं होतं. चार फेऱ्यांत तीस मीटर. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या वेगाने तीस मीटरला जवळपास सहा सेकंद लागतात. गर्दीत बाहेरून पुढे जाण्याच्या नादात मुलं हे सहा सेकंद घालवतात, आणि चाचणीत एकेक टप्पा सेकंदांवर ठरतो. त्यासाठी वेग सम ठेवायला शिकलं पाहिजे: मुलांना दर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद, मुलींना 85. पहिली फेरी 65 मध्ये काढून शेवटच्या फेरीत चालत येणारी मुलं मी खूप बघितली आहेत.

100 मीटरचं तर विचारूच नका. हाताने घड्याळ दाबलं की वेळ कमी दिसते. पिस्तूल वाजल्यावर आपलं बोट उशिरा हलतं, पण धावपटू शेवटच्या रेषेवर येताना दिसत असतो, म्हणून तिथे बोट वेळेवर पडतं. अॅथलेटिक्समध्ये हातघड्याळाच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करण्याची पद्धत आहे. भरतीत अनेक ठिकाणी चिप लावून वेळ घेतात. सरावात 11.50 दाखवणारं घड्याळ म्हणजे तिथे पावणेबारा. हे आधी समजलं तर मुलगा निराश न होता आणखी तयारी करील.

गोळ्याबद्दल थोडं सांगतो. आपल्या मुलांचा हात गोफणीचा आणि दगडाचा आहे, आंब्यावर नेम धरणारा. तो हात मागून फिरतो. गोळाफेकीत गोळा मानेला टेकलेला असावा लागतो, खांद्याच्या रेषेमागे गेला की फाऊल, आणि तो फेकायचा नसून ढकलायचा असतो. नियम हा असा का, याचं उत्तर कोपरात आहे: सव्वासात किलोचं लोखंड दगडासारखं भिरकावलं तर कोपर आणि खांदा दोन्ही जातात. हा नियम शरीराला सांभाळतो. चांगला मापदंड असाच असतो, त्यात चुकीच्या तंत्राला गुण मिळत नाहीत. पण साडेआठ मीटरला गुण थांबतात, म्हणून आठ-साठ ढकलणारा मुलगा तिथेच थांबतो. वर्तुळात सरकत येऊन ढकलायचं तंत्र तो शिकत नाही, कारण त्याला त्याची गरज उरत नाही. मला याची खंत वाटते. आपल्या मोखाड्याच्या मातीत दहा-बारा मीटरची मुलंही असतील. तक्ता त्यांना शोधत नाही.

याच संदर्भात आपल्या शेजारचं नाव घेतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये ब्राँझपदक मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि 2016 मध्ये ती रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावली. दहा हजार मीटर हे अंतर आपल्या पोलीस भरतीच्या तक्त्यात नाही. तिच्यासारख्या मुलीला आपण फक्त 800 मीटरची तयारी करायला लावली, तर ती चांगली शिपाई होईल. पण तिच्यात लांब अंतराची धावपटू आहे हे तिला स्वतःलाही कधी कळणार नाही.

तक्ता बदलण्याची ताकद आपल्यापैकी कुणाकडे नाही, आणि तो दुष्टही नाही. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले. त्यानंतर शिपायांच्या चाचणीतलं अंतर कमी होत 1600 मीटरवर आलं. तो बदल बरोबरच होता. राज्य राखीव पोलीस दलाला अजून पाच किलोमीटर आहेत, शंभरातले 50 गुण त्याचेच. वनरक्षकाला मुलांसाठी चार तासांत 25 किलोमीटर चालण्याची चाचणी आहे, ती फक्त पार करायची. आपल्या भागातल्या मुलांना ती सोपी जाते, कारण हे चालणं त्यांनी लहानपणापासून केलेलं असतं.

तक्त्याला दिसत नाही ते मात्र आपण बघायला हवं. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेली मुलगी चैत्रात परत येते. अंगाने वाळलेली, पाय भट्टीच्या कामाने थकलेले. भरतीची जाहिरात आली म्हणून ती दुसऱ्याच दिवसापासून 800 मीटर घड्याळ लावून धावते. पहिले तीन आठवडे तिने घड्याळाकडे बघूच नये. चालावं, टेकडी चढावी, दोरीउड्या माराव्यात, दोन वेळा पोटभर खावं. वेळ नंतर येईल. रिकाम्या पोटी काढलेली वेळ तिला फसवते आणि कमजोर करते.

म्हणून गावातल्या तरुणांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना माझं एक मागणं आहे. सरावाच्या मैदानावर नोंदीची वही ठेवा. तीत चाचणीचा आकडा महिन्यातून एकदाच लिहा. बाकी दिवस दुसऱ्या गोष्टी लिहा: हात पूर्ण सरळ करून, पाय न हलवता किती पुलअप्स झाले, सगळ्या फेऱ्यांच्या वेळांत फरक किती पडला, नडगी दुखते का, सकाळी काय खाल्लं. मोजणारा माणूस दर आठवड्याला बदला, म्हणजे मित्राचा हात सैल सुटणार नाही. मुलींच्या नोंदी मुलींनीच ठेवाव्यात, त्या जास्त कडक असतात असा माझा अनुभव आहे. आणि मुलींनाही दांडीला लटकू द्या, त्यांच्या तक्त्यात पुलअप्स नसले तरी. गोळा ढकलायला पाठ लागतेच.

सामान फार नको. पन्नास मीटरची स्टीलची टेप, म्हणजे मोटारसायकलच्या मीटरवर विसंबायला नको. एक 4 किलोचा आणि एक 7.260 किलोचा खरा गोळा. नदीतला धोंडा त्याची जागा घेऊ शकत नाही. जमिनीत पक्की रोवलेली आणि उंच मुलाचेही पाय टेकणार नाहीत इतकी वर असलेली दांडी. आणि पावसाळ्याआधी चुन्याने आखलेली 200 मीटरची फेरी, माळावर जिथे कमीत कमी उतार आहे तिथे. जागा उद्या सकाळी मुलांबरोबर फिरून ठरवू. टेप मी बरोबर आणली आहे.