मानेचे सात मणके



या सूरत शहरात हिऱ्याला पैलू पाडणारे आणि यंत्रमागावर राबणारे असंख्य हात आहेत. त्यांत खानदेशातून आलेले आपले बांधवही पुष्कळ. मी आज त्या हातांवर झुकलेल्या मानेविषयी बोलणार आहे.

मानेत मणके 7. पहिला केवळ कड्यासारखा. त्यावर डोके तोलले जाते व होकार देता येतो. दुसऱ्याच्या दंताकार खुंटीभोवती पहिला फिरतो आणि आपण नकार देतो. वरच्या 4 मणक्यांच्या आडव्या प्रवर्धांपासून निघालेला एक स्नायू खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्याला जाऊन मिळतो. डोक्याचे वजन सुमारे 5 किलो. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना तो भार अखंड ताणून धरावा लागतो. घंटीवर बसलेल्या कारागिराला वेदना खांद्यात जाणवते. मूळ मात्र पुष्कळदा मानेत असते. हाताला मुंग्या येऊ लागल्यास केवळ मलम चोळत बसू नये, कारण हाताच्या नसा मानेच्या मणक्यांमधूनच बाहेर पडतात.

आपल्यापैकी जे कारखानदार झाले, त्यांना माझी विनंती एवढीच : कामाची बैठक योग्य उंचीची करा आणि कारागिराला अधूनमधून मान वर करण्याची उसंत द्या. त्या दोन मिनिटांची मजुरी कापू नका.