ड्रायर तापत नाही तेव्हा

आम्ही गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या बाया. आमच्यातल्या बऱ्याच जणी उसना तांदळाच्या राईस मिलमध्ये धान वाळवायच्या कामावर आहेत. आज बोलायचं आहे ते ड्रायरमधल्या रेडिएटरबद्दल.

रेडिएटर म्हटलं की ट्रॅक्टरचा आठवतो. त्यात इंजिनचं गरम पाणी थंड होतं. ड्रायरमधला रेडिएटर हवा तापवतो. नळ्यांमधून बॉयलरची वाफ फिरते, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा धानात शिरते. थंडीच्या देशांत जुन्या घरांमध्ये खिडकीखाली असेच वाफेचे लोखंडी रेडिएटर असतात, घर उबदार ठेवायला. आपल्याकडे वैशाखात घर तापवायची हौस कोणाला!

वाफवलेलं धान मात्र थांबत नाही. त्यात शंभर किलोला पस्तीसेक किलो पाणी असतं. ढीग पडून राहिला की आंबतो, वास धरतो. पावसाळ्यात ओट्यावर पसरायची सोय नाही. ड्रायर थंड पडला की पाळी रात्रीपर्यंत लांबते आणि कोणीतरी म्हणतंच, "रेडिएटर लहान पडतो, मोठा बसवा." तुमचा गट जुना ड्रायर विकत घ्यायचा विचार करत असेल, तरी हेच ऐकाल. आधी पाण्याचा हिशेब करा.

1 टन ओल्या धानात 350 किलो पाणी धरा, कोरडा माल 650 किलो. भरडायला ओल 14 टक्क्यांवर आणायची, तर वजन उरतं साधारण 756 किलो. म्हणजे 244 किलो पाणी उडवायचं. ड्रायर 8 तास चालणार असेल तर ताशी 30 किलो. एक किलो पाणी उडवायला निदान एक किलो वाफ लागते. पण बरीच उष्णता हवेबरोबर बाहेर जाते, म्हणून दीडपट-दुप्पट धरा. टनामागे ताशी 45 ते 60 किलो वाफ झाली. एवढी बॉयलर देतो का, आणि तीही टाक्यांमधलं धान वाफवणं चालू असताना? काट्यावर 3 किलो दाब असेल तर वाफ 143 अंशांच्या आसपास असते, 1 किलोवर आला तर 120. दाबच पडत असेल तर मोठा रेडिएटर घेऊन पैसे जातील, धान ओलंच राहील.

फार तापवणंही बरं नाही. ओल 18 टक्क्यांच्या जवळ आली की धानाला काही तास विसावा द्यावा लागतो, नाहीतर दाणा आतून चिरतो आणि भरडताना कणी होते.

आता बिघाड. रेडिएटर वरून गरम आणि खालून थंड असेल, तर आत पाणी साचलंय. वाफ उष्णता देऊन पाणी होते. ते पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ अडवायची, हे ट्रॅपचं काम. एका मिलमध्ये नवीन रेडिएटरची बोलणी चालली होती. मिस्त्रीने ट्रॅपच्या आधीची जाळी उघडली, तर ती गंजाच्या चुऱ्याने गच्च भरलेली. धुऊन बसवली आणि त्याच पाळीत खालची बाजू तापली. याउलट ट्रॅप उघडाच अडकला, तर वाफ सरळ निघून जाते आणि भट्टीत भुसा जास्त जळतो. सुरू करताना रेडिएटर तापतच नसेल, तर आत हवा कोंडली असेल. ती काढायचा व्हेंट बघायला सांगा. पाइप ठणठण वाजत असेल, तर त्यात पाणी आहे. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, आणि पाइपचा उतार पाणी निघेल असा हवा.

हात लावून बघू नका. उघड्या लोखंडावर लांबून पाण्याचे दोन थेंब उडवा, चर्र झालं की समजा तापलंय. बॉयलर, व्हॉल्व्ह, ट्रॅप उघडणं हे प्रमाणपत्रवाल्या बॉयलर चालकाचं आणि मिस्त्रीचं काम आहे. आपण फक्त कुठे गरम, कुठे थंड ते नीट सांगायचं.

आपल्या हातातलं एक काम आहे. नळ्यांवरच्या पत्र्यांमध्ये धूळ आणि भुशाची कूस बसते, मग हवा जातच नाही. पंखा बंद, वाफ बंद, रेडिएटर पूर्ण थंड, तोंडाला फडकं, मग मऊ ब्रशने झाडायचं. तो तास हजेरीत धरायला आम्ही मालकांना सांगितलंय. तुम्हीही सांगा.