मेंदूचा ऑक्सिजन आणि कमी दिवसांचं बाळ



दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. वजन वाढलं का, दूध पचतंय का, घरी कधी सोडणार. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत हल्ली यात एका प्रश्नाची भर पडली आहे. घरातला कुणी तरुण मुलगा मॉनिटरवरचे आकडे पाहून येतो आणि घाबऱ्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, मेंदूचा ऑक्सिजन 68च दाखवतोय. कोविडमध्ये तर 90च्या खाली गेलं की धावपळ व्हायची!" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं तर पेटीबाहेरचे ते दिवस थोडे सोपे जातात. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू.

गर्भाचे 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाला आम्ही कमी दिवसांचं म्हणतो. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ असं जन्मतं. 2020 साली एकट्या भारतात अशी सुमारे 30 लाख बाळं जन्मली, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. आपल्याकडे अजूनही आज्या सांगतात की सातव्या महिन्याचं बाळ जगतं, आठव्याचं नाही. आजीबाईंचा मान राखून सांगतो, हे खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ तयार. यात सात-आठचा काही खेळ नाही.

या बाळांच्या मेंदूची आम्हाला इतकी काळजी का असते? मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला एक भाग असतो, तिथे नव्या पेशी जन्माला येतात. तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. 32 आठवड्यांच्या पुढे हा भाग हळूहळू विरून जातो. पण 27-28 आठवड्यांच्या बाळात तो भरात असतो. शिवाय शरीराचा रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूकडचा रक्तप्रवाह एकसारखा ठेवायचा, हे आपल्या मेंदूला जमतं, तसं या बाळांना अजून जमत नाही. त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो, आणि झालाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या 72 तासांतच होतो. म्हणूनच या तीन दिवसांत सिस्टर बाळाला फार हात लावू देत नाहीत, डोकं सरळ मध्यावर ठेवतात, आणि डॉक्टर टाळूवरून सोनोग्राफी करून आत डोकावतात. "जरा कुशीवर वळवा ना, मान अवघडली असेल," असं आत्याबाईंनी कितीही सांगितलं तरी त्या ऐकत नाहीत, त्यामागे हे कारण आहे.

आता त्या 68 आकड्याकडे येऊ. बाळाच्या तळव्याला किंवा मनगटाला लाल दिवा असलेली पट्टी लावतात, तो पल्स ऑक्सिमीटर. जपानमधले ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो, आणि धमनीतल्या, म्हणजे फुफ्फुसातून ताज्या आलेल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतो. बाहेरून ऑक्सिजन घेणाऱ्या कमी दिवसांच्या बाळात हा आकडा 90 ते 95च्या दरम्यान असावा. दुसरी पट्टी कपाळावर चिकटवतात. तिच्यातून निघणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण बाळाचं कवटीचं हाड पातळ असल्यामुळे तो आत मेंदूपर्यंत जातो. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषतं, ऑक्सिजन नसलेलं वेगळ्या प्रमाणात. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र हिशेब मांडतं. मात्र या पट्टीखालच्या रक्तातलं बहुतांश रक्त शिरांमधलं असतं, म्हणजे मेंदूनं आपल्या गरजेपुरता ऑक्सिजन काढून घेतल्यानंतर उरलेलं. त्यामुळे इथला आकडा मुळातच कमी असतो. 55 ते 85 ही साधारण अपेक्षित मर्यादा. 68 म्हणजे मेंदू आपलं जेवण व्यवस्थित घेतोय. कोविडमधल्या बोटावरच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.

ही कपाळावरची पट्टी काय कामाची, हे एका उदाहरणानं सांगतो. समजा, बाळ व्हेंटिलेटरवर आहे. तळव्यावरचा आकडा 94, सगळं छान. पण कपाळावरचा 70वरून उतरत उतरत 52वर आला. ऑक्सिजन तर पोचतोय, मग बिघडलं कुठे? रक्ताचा एक थेंब तपासला तर दिसतं, कार्बन डायऑक्साइड फार खाली गेलाय. व्हेंटिलेटर गरजेपेक्षा जास्त हवा खेळवत होता. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. व्हेंटिलेटरचा जोर कमी केला की काही वेळात कपाळावरचा आकडा वर येऊ लागतो. दुसऱ्या बाळात कारण वेगळं निघेल: हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, रक्तदाब पडला असेल. यंत्र फक्त घंटा वाजवतं. कारण शोधायला रक्ताची तपासणी आणि बाळाकडे पाहणारा अनुभवी डोळा लागतो.

इतकं उपयोगी दिसणारं यंत्र प्रत्येक बाळाला का लावत नाहीत? डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं युरोपात याचा अभ्यास झाला. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेली 166 बाळं घेतली. अर्ध्यांच्या डॉक्टरांना कपाळाचा आकडा दाखवला, अर्ध्यांच्या डॉक्टरांपासून झाकून ठेवला. आकडा दिसत होता त्या गटात मेंदूचा ऑक्सिजन मर्यादेबाहेर राहण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. सगळ्यांना आनंद झाला. पण त्याच बाळांच्या रक्तात मेंदूच्या इजेच्या खुणा तपासल्या, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यातली एक खूण म्हणजे एस-100 बीटा नावाचं प्रथिन. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमध्ये ते असतं आणि पेशींना इजा झाली की रक्तात उतरतं. पुढे 17 देशांत 1601 बाळांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2023 साली आले. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा यांचं प्रमाण यंत्र वापरलेल्या गटात 35.2 टक्के, न वापरलेल्या गटात 34 टक्के. म्हणजे फरक नाहीच.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या रुग्णालयात हे यंत्र आहे आणि ते वाचणारी माणसं आहेत, तिथे त्याचा उपयोग होतो. पण यंत्र नाही म्हणून जिल्हा रुग्णालयातून बाळ उचलून कर्ज काढून दुसरीकडे न्यावं, इतकी त्याची मातब्बरी नाही.

रक्तातल्या त्या खुणांचंही तसंच. एस-100 बीटा चरबीतही असतं, त्यामुळे एका बाळाच्या एका रिपोर्टवरून "हे पुढे चालेल का, शिकेल का" हे सांगता येत नाही. संशोधनात त्याला जागा आहे. तुमच्या बिलात ते कुणी लावलं, तर "यानं उपचारात काय बदलणार?" असं खुशाल विचारा. हा प्रश्न प्रत्येक रक्ततपासणीला विचारावा असा आहे, कारण एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सुमारे 90 मिलीलिटर, म्हणजे अर्धा कप चहाइतकं. त्यातलं एक मिली काढणं म्हणजे तुमच्या-माझ्या अंगातून एकदम 40-50 मिली काढण्यासारखं. "रोज सगळे रिपोर्ट करा, पैशाची चिंता नको," असं सांगणारे आजोबा प्रेमानंच सांगत असतात, पण वारंवार रक्त काढल्यानंच बाळाचं हिमोग्लोबिन उतरतं आणि मग रक्त चढवावं लागतं.

गरजेच्या तपासण्या मात्र होऊ द्या. साखर, कावीळ, हिमोग्लोबिन, रक्तातले वायू, जंतुसंसर्गासाठी सीआरपी. सीआरपीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की संसर्ग सुरू झाल्यावर तो वाढायला काही तास जातात. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला असूनही डॉक्टर पुन्हा रक्त घेतात. ती उधळपट्टी नाही.

मग मेंदू वाचवण्यासाठी खात्रीचं काय आहे? पहिली गोष्ट बाळ जन्मायच्या आधीची. 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर घरी थांबू नका. आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी 1972 सालीच हे दाखवून दिलं. औषध स्वस्त आहे, आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस उपकेंद्रातली एएनएम सिस्टरही देऊ शकते. 108ला फोन लावा, आणि आशाताईंना आधीच विचारून ठेवा, जवळ नवजात शिशु कक्ष कुठे आहे. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार मोफत आहे.

दुसरी गोष्ट आईची छाती. बाळाला फक्त टोपडं आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापड बांधायचं. आई थकली तर बाबा, मावशी, आजी कुणीही चालेल. आफ्रिकेतले चार देश आणि दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय यांनी मिळून एक ते पावणेदोन किलोच्या तीन हजारांवर बाळांमध्ये हा अभ्यास केला. जन्मल्यावर लगेच छातीशी घेतलेल्या बाळांमध्ये 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के, आधी स्थिर होऊ देऊन मग घेतलेल्यांत 15.7 टक्के. महागड्या पट्टीला जे दाखवता आलं नाही, ते इथे दिसलं. सोबत आईचं दूध. तिला येत नसेल तर दुग्धपेढी आहे; आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 साली आपल्या मुंबईच्या शीव रुग्णालयातच सुरू झाली. मध, गुटी, वरचं पाणी काही नको. घरी गेल्यावर टाळूवर तेलाचा बोळा ठेवून दाबू नका.

शेवटी एक तातडीचं. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. पडद्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढतात आणि वेळेत उपचार झाला नाही तर बाळ कायमचं आंधळं होतं. बाहेरून डोळे अगदी टपोरे, सुंदर दिसतात, काही कळत नाही. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनानं जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे; 28 आठवड्यांच्या आतल्या बाळांची तर दोन-तीन आठवड्यांतच. घरी सोडताना कार्डावर ही तारीख लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या, आणि त्या दिवशी घरात बारसं असलं तरी आधी डोळे दाखवून या.