बाळंतिणीची डोकेदुखी आणि आपले कर्तव्य

(वार्षिक मेळाव्यातील महिला-सभेत केलेले भाषण)



पहिलटकरणीला माहेरी आणण्याची आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील रीत जुनी आहे. पूर्वी प्रसूती घरीच होई. आता ती अकोल्यास वा पुण्या-नागपुरास रुग्णालयात होते, आणि चार दिवसांत लेक बाळासह मेहकर, चिखली, जळगाव-जामोदला विसाव्यास येते. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून तिकडे कित्येकींना एपिड्यूरल देतात. कमरेच्या मणक्यांतून आतील पडद्याच्या बाहेर बारीक नळी ठेवून तीतून औषध सोडावयाचे, अशी ही पद्धत. स्पेनमधील शल्यवैद्य फिडेल पाजेस यांनी १९२१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

आम्ही या उपायाच्या विरुद्ध नाही. परंतु त्याचा एखादा उपद्रव लेक घरी पोहोचल्यावर डोके वर काढतो. तेव्हा जवळ डॉक्टर नसतात, आपण असतो.

सुमारे शंभरात एखादीच्या त्या पडद्याला सुईने चुकून छिद्र पडते. त्यातून मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपते व बहुधा एक-दोन दिवसांनी डोके दुखू लागते. उठून बसले की ठणका, आडवे झाले की आराम, ही तिची खूण. जर्मनीत ऑगस्ट बीर यांनी १८९८ साली मणक्यातील भुलीचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला, तेव्हा त्यांनाही हीच डोकेदुखी जडली होती. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना बाजेवर. त्यामुळे खूण झाकली जाते, आणि ‘वारा शिरला’ म्हणून फडके बांधून आपण स्वस्थ बसतो. वास्तविक तिच्याच दंडातील थोडे रक्त कमरेत त्या जागी सोडले असता छिद्र बुजते व बहुतेकींना उतार पडतो. हयगय झाल्यास क्वचित मेंदूभोवती रक्त साकळते. मग आडवे होऊनही दुखणे थांबत नाही. ओकारी, गुंगी, झटके येतात. बाळंतपणानंतरच्या डोकेदुखीमागे वाढलेला रक्तदाबही असू शकतो, म्हणून तोही मोजवावा.

दुसरा उपद्रव लाखात एखादीस होतो: कमरेत आत रक्त साकळणे वा पू होणे. पाठीत वाढती कळ, ताप, पाय लुळे पडणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांपैकी काही दिसले तर घटका मोजाव्या, दिवस नव्हेत.

पायाची बधिरता पुष्कळदा सुईमुळे नव्हे, तर बाळाचे डोके ओटीपोटातील नसांवर दाबल्याने येते व बहुधा काही आठवड्यां-महिन्यांत ओसरते. तरीही डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर बाजेखालची शेगडी दूर सारावी. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही.

रुग्णालय सोडताना एपिड्यूरल दिली होती काय, पडद्यास छिद्र पडले काय, हे कागदावर लिहून घ्यावे व तो कागद तिच्या उशाशी ठेवावा. बिघाड दिसताच १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. आणि ‘कळा सोसल्या नाहीस, म्हणून हे भोग’ असे कोणी तिला म्हणू नये. जिजाऊसाहेबांच्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा आहे. येथे लेकीचे गाऱ्हाणे पहिल्याच दिवशी ऐकले जावे, एवढीच आमची विनंती.