सेतूवरची खार

रामसेतूची गोष्ट निघाली की तो बांधणाऱ्या नळाआधी आठवते ती खार! वाळूत लोळायचं, अंगाला चिकटलेले कण सेतूवर झटकायचे, एवढंच तिचं काम.

वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं देशभरातली हस्तलिखितं ताडून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ दरम्यान प्रसिद्ध केली. त्यातलं युद्धकांड परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादलं. त्यात सेतू आहे, खार नाही. ती भेटते तमिळ आळवार संत तोंडरडिप्पोडी यांच्या काव्यात आणि घरोघरच्या लोककथांत.

मूळ काव्यात नसलेली खार लोकांनी इतकी का जपली? डोंगर उपटणं आपल्याला जमणार नाही. मूठभर वाळू मात्र कुणीही वाहील. शिवाय तिला कुणी बोलावलंही नव्हतं.

इंग्रज लेखक टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतले बुटके हॉबिट या खारीसारखेच. तिथली अंगठी माणसाच्या महत्त्वाकांक्षेलाच हात घालते, म्हणून गँडाल्फसारखा मांत्रिकही ती घ्यायला धजत नाही. फ्रोडो नावाचा हॉबिट ती वाहतो, पण शेवटी त्याचाही पाय घसरतो. माझ्या मते खरा नायक त्याचा माळी सॅम. अंगठी त्याला अफाट बागेचं स्वप्न दाखवते. तो म्हणतो, मला माझा वाफा पुरे. आणि थकलेल्या मालकाला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सोमच्या रणभूमीवर अधिकारी होता. त्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांचं प्रतिबिंब सॅममध्ये आहे.