आप्तांच्या भेटीला जाताना



गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब जीपने मुंबईहून गावाकडे निघालो. वाटेत येवल्याला थांबलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती ही भूमी. तिला वंदन करून वैजापूरजवळ आत्याकडे मुक्काम केला. आत्याची नात बारावी पास होऊन घरीच बसली होती. शहरात राहायची सोय नाही. पुढे नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयातला जुना मित्र भेटला. तो म्हणाला, "आपल्याला वसतिगृह मिळाले म्हणून आपण शिकलो. तिचे काय?" आम्ही निरुत्तर झालो. परतताना नातीला सोबत आणले. आज ती आमच्याकडे राहून शिकते. बांधवांनो, आप्तांना भेटायला जरूर जा. पण रिकाम्या हाताने परतू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!