राखीव प्रत



विषय संगणकाचा असला तरी ज्याला हिशेबाची वही ठेवावी लागते त्या प्रत्येकाचा तो आहे.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने चुकीच्या संगणकावर आज्ञा दिली आणि डेटाबेसमधील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती क्षणार्धात पुसली गेली. राखीव प्रतींची व्यवस्था होती. पण रोजची प्रत निघतच नव्हती, याचा कोणाला पत्ता नव्हता. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका 'स्नॅपशॉट'ने लाज राखली. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

डेटाबेस ही खतावणी मानली, तर फाइल सिस्टीम हा तिच्या कपाटाचा कारभारी होय. असा एक कारभारी म्हणजे झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली त्याचे काम सुरू झाले; २००५ मध्ये त्याची संहिता सर्वांना खुली करण्यात आली. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतली व पुढले काम बंद दाराआड गेले. पण एकदा खुले केलेले परत कुलपात जात नाही. २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने अनेकांनी मिळून तो वारसा चालविला आहे.

हा कारभारी लिहिलेले पान खोडीत नाही. नवे पान निराळ्या जागी लिहितो आणि मग अनुक्रमणिका बदलतो. जुनी पाने राखून ठेवली की झाला स्नॅपशॉट. त्याला क्षणभरही लागत नाही. दोन स्नॅपशॉटांमधील फरक तेवढा दूरच्या, भाड्याच्या संगणकावर पाठविता येतो. ज्याला 'क्लाउड' म्हणतात ते हेच.

आता वेगाविषयी. पोस्टग्रेस डेटाबेसचे पान ८ किलोबाइटचे, तर झेडएफएसचा गठ्ठा न सांगितल्यास १२८ चा. एक पान बदलायचे तर सारा गठ्ठा पुन्हा लिहावा लागतो. म्हणून गठ्ठ्याचे माप आधीच लहान ठरवावे. मागाहून बदललेले माप जुन्या फायलींना लागू होत नाही.

तथापि स्नॅपशॉट त्याच कपाटात असतो. कपाट जळाले तर तोही जळणार. म्हणून दूरची प्रत हवीच. आणि ती महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून, वाचून पाहावी. गिटलॅबमध्ये राहून गेले ते एवढेच. आपल्या पतपेढीत, वाचनालयात, शाळेत ते होते का, हे उद्या सकाळी विचारा, इतकीच माझी विनंती आहे.